एका कंसापायी ३२८ ग्राहक

समजा, घरपोच डबे पुरवणाऱ्या एका पुणेरी खानावळीला डबा बंद केलेल्यांची नावं डेटाबेसमधून काढायची आहेत. कोथरूडचे ३४० ग्राहक, त्यातले १२ बंद. सदाशिव पेठेतले २१०, त्यातले ९ बंद. जायला हवीत २१ नावं. डिलीटच्या आज्ञेत ‘व्हेअर’पुढे, म्हणजे कुठल्या नोंदी काढायच्या ते सांगायच्या जागी, अट पडते:

भाग = 'कोथरूड' ऑर भाग = 'सदाशिव पेठ' अँड स्थिती = 'बंद'

उडतात ३४९ नोंदी. चूक झाल्याचा संदेश येत नाही, कारण व्याकरण बिनचूक आहे. गणितात गुणाकार बेरजेआधी होतो, तसा एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेत, ‘अँड’ हा ‘ऑर’च्या आधी. त्यामुळे ‘बंद’ची अट फक्त पेठेला चिकटली आणि कोथरूड अख्खं गेलं. दोन्ही भाग एका कंसात घातले असते तर निभावलं असतं.

याहून कपटी प्रकार उपक्वेरीचा, म्हणजे आज्ञेच्या पोटात कंसात लिहिलेल्या दुसऱ्या शोधाचा. काढायच्या ग्राहकांची ‘यादी’ वेगळ्या टेबलात आहे आणि तिथल्या कॉलमचं नाव नुसतं ‘क्रमांक’. लिहिणारा सवयीने लिहितो: ग्राहक_क्रमांक इन (सिलेक्ट ग्राहक_क्रमांक फ्रॉम यादी). यादीत असा कॉलमच नाही! मग एरर यायला हवी ना? नाही येत. आत नाव सापडलं नाही की डेटाबेस ते बाहेरच्या टेबलात शोधतो, तिथे ते असतंच. प्रत्येक ग्राहक स्वतःशीच जुळतो आणि यादीत एक जरी नोंद असली तरी सगळं टेबल रिकामं होतं. ‘यादी.ग्राहक_क्रमांक’ असं टेबलासकट लिहिलं असतं तर तिथेच अडलं असतं.

‘नल’ची, म्हणजे न भरलेल्या रकान्याची, खोड उलटी: इथे नोंदी जास्त नाही, कमी धरल्या जातात. ‘भाग कोथरूड नाही’ या अटीत भाग न भरलेले ग्राहक धरले जात नाहीत. त्यांच्यासाठी उत्तर खरंही नाही, खोटंही नाही.

म्हणून आधी तीच अट ‘सिलेक्ट काउंट’ला, म्हणजे नोंदी नुसत्या मोजणाऱ्या आज्ञेला, लावून आकडा बघावा. तो मनातल्या आकड्याशी जुळला तरच ‘बिगिन’, मग डिलीट, आणि किती नोंदी गेल्या ते वाचून ‘कमिट’ (बदल पक्का) किंवा ‘रोलबॅक’ (बदल मागे). मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेस प्रणालींत ‘बिगिन’ विसरलात तर प्रत्येक आज्ञा आपोआप कमिट होते. मग बॅकअप शोधत बसा. मायएसक्यूएलच्या क्लायंटला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या प्रोग्रॅमला, ‘सेफ अपडेट्स’ नावाची सोय आहे, तिचं दुसरं अधिकृत नाव ‘आय अ‍ॅम अ डमी’. ‘व्हेअर’च विसरलेली आज्ञा ती अडवते. कंस विसरलेली अडवेलच असं नाही.