एका फुंकरीचा हिशेब

रात्री साडेबाराच्या सुमारास मुंबईतल्या एखाद्या मोठ्या रस्त्यावर नाकाबंदी लागलेली असली, की एक ठरावीक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. बॅरिकेडपाशी गाडी थांबते, काच खाली होते आणि हवालदार हातातल्या श्वासातले मद्य मोजणाऱ्या यंत्राला (ब्रेथ ॲनालायझर) नवी प्लास्टिकची नळी लावून ती चालकापुढे धरतो. ‘फुंका. जोरात. अजून, अजून, सोडू नका.’ चालक पहिल्या खेपेला बहुधा नुसती गालातली हवा सोडून मोकळा होतो. यंत्र ती नाकारते आणि सगळे पुन्हा करावे लागते. दुसऱ्या खेपेला यंत्रातून बारीक आवाज येतो, काही सेकंद जातात आणि पडद्यावर एक आकडा उमटतो. तो तीसच्या वर गेला, तर प्रकरण न्यायालयाकडे जाते. हा आकडा चालकाच्या रक्तातील मद्याचा समजला जातो; प्रत्यक्षात यंत्राने रक्ताचा एक थेंबही पाहिलेला नसतो.

मुंबई वाहतूक पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध २००७ साली नेटाने मोहीम उघडली, तेव्हा तिचे मुख्य साधन हेच यंत्र होते. त्यापूर्वी भिस्त होती ती पोलिसाच्या नाकावर आणि डॉक्टरच्या दाखल्यावर. तोंडाला दारूचा वास येतो, चाल लटपटते, बोलणे असंबद्ध आहे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या आहेत, अशी लक्षणे दाखल्यात नोंदवली जात. मात्र महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये स्पष्ट केले, की रक्ताची किंवा लघवीची तपासणी केलेली नसताना केवळ अशा लक्षणांवरून आरोपीने मद्य घेतल्याचा निष्कर्ष काढता येणार नाही. वैद्यकाच्या दृष्टीनेही ते रास्तच होते. रक्तातली साखर एकाएकी उतरलेला मधुमेही माणूसही अडखळतो आणि तोंडातल्या तोंडात बोलतो. उलट, मुरलेला पिणारा चार पेगांनंतरही सरळ रेषेत चालून दाखवू शकतो.

पुढे कायद्यानेही मोजमापाची गरज वाढवली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मुळात चालकाच्या रक्तात मद्य ‘कितीही अल्प’ असले तरी तो गुन्हा धरलेला होता. १९९४ च्या दुरुस्तीने तेथे मर्यादा आली : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ‘आहे की नाही’ हे नाक कदाचित सांगू शकेल. ‘किती’ हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नाही.

तीस मिलिग्रॅम म्हणजे नेमके किती, याचा ढोबळ हिशेब स्वीडनच्या एरिक विडमार्क या शास्त्रज्ञाने घालून दिलेल्या पद्धतीने करता येतो. पोटात गेलेले मद्य शरीरातल्या पाण्यात पसरते, म्हणून मद्याच्या वजनाला शरीराच्या वजनाने आणि पाण्याच्या प्रमाणाशी निगडित अशा एका गुणकाने भागायचे. हा गुणक पुरुषांसाठी सुमारे ०.७ आणि स्त्रियांसाठी सुमारे ०.६ धरतात. ४२.८ टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी एकदम घेतला, तर रक्तातला आकडा वीसच्या आसपास जाईल. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत मात्र तेवढ्याच पेगाने तो तिशीला टेकेल. ५ टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली सत्तर किलोच्या पुरुषाला पन्नासच्या घरात नेते. ‘एका बिअरने काय होतंय’ हे गाडी काढताना ऐकू येणारे वाक्य या गणितात बसत नाही. जेवण झालेले असेल आणि पिणे सावकाश असेल, तर हे आकडे खाली येतात, एवढी सवलत खरी.

आता रक्तातले मद्य श्वासात येते कसे, ते पाहू. फुप्फुसांतल्या सूक्ष्म वायुकोशांच्या भिंती इतक्या पातळ असतात, की पलीकडच्या केशवाहिन्यांतल्या रक्तातून प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड यांची सहज ये-जा होते. मद्यार्क हाही उडून जाणारा, छोट्या रेणूंचा पदार्थ असल्याने तोही त्याच वाटेने हवेत उतरतो. ठरावीक तापमानाला द्रवात विरघळलेला पदार्थ आणि त्यावरच्या हवेतला त्याचा अंश यांचे प्रमाण पक्के असते, हे इंग्लंडच्या विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये दाखवून दिले होते. नाकाबंदीवरच्या यंत्राचे सगळे तत्त्व या नियमावर उभे आहे. अट एकच, की तपासली जाणारी हवा खोल फुप्फुसातली हवी. तोंड, घसा आणि श्वासनलिका यांतली सुमारे दीडशे मिलिलिटर हवा वायुकोशांपर्यंत पोहोचलेलीच नसते. म्हणून यंत्रातला दाबमापक फुंकरीचा जोर आणि कालावधी पाहतो आणि उच्छ्वास सरत आल्यावरच छोट्या पंपाने जेमतेम मिलिलिटरभर हवा आत ओढून घेतो. हवालदाराचे ‘अजून, अजून’ हे हेन्रीच्या नियमाचे रस्त्यावरचे रूप आहे.

ही मिलिलिटरभर हवा ज्या भागात जाते त्याला इंधनघट म्हणतात. एक सच्छिद्र चकती, तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमची अतिसूक्ष्म पूड आणि मध्ये भिनवलेले आम्ल, एवढीच त्याची रचना. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मद्यार्काचे ॲसिटिक आम्ल होते, म्हणजे शिरक्याला आंबटपणा देणारे तेच आम्ल. या बदलात मद्यार्काचा प्रत्येक रेणू चार इलेक्ट्रॉन सोडतो. ते बाहेरच्या तारेतून चकतीच्या दुसऱ्या अंगाकडे जातात आणि विजेचा क्षीण प्रवाह वाहतो. जितका मद्यार्क, तितकी वीज. कायद्याच्या मर्यादेवर असलेल्या माणसाच्या मिलिलिटरभर श्वासात मद्यार्काचे वजन एका ग्रॅमच्या सत्तर लाखाव्या भागाइतके असते आणि तेवढ्यावरूनही मोजता येण्याजोगा प्रवाह मिळतो, ही मला या यंत्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. यंत्र वास घेत नाही, त्यामुळे वेलदोडा, बडीशेप, कच्चा कांदा, पुदिन्याच्या गोळ्या यांतले काहीही चघळले तरी त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते. मधुमेह्यांच्या श्वासात येणाऱ्या ॲसिटोनलाही इंधनघट जवळजवळ दाद देत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, अर्धवाहक संवेदकाच्या यंत्रांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. त्यांना मद्यार्क आणि इतर वाफा यांतला फरक नीट कळत नाही.

ही कल्पना एका दिवसात जन्माला आलेली नाही. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात रोला हार्गर यांनी १९३० च्या दशकात फुग्यात श्वास भरून घेणारे, रंग बदलणाऱ्या रसायनाचे यंत्र केले. त्याच राज्यातल्या पोलीस खात्यात काम केलेल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेटचे पिवळे द्रावण आणि रंगातला बदल मोजणारे प्रकाशघट वापरून ते सुटसुटीत केले. हातात मावणारे इंधनघटाचे यंत्र १९७० च्या दशकात वेल्समधल्या कार्डिफ येथे टॉम पॅरी जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले.

यंत्र मोजते श्वासातला मद्यार्क आणि कायदा विचारतो रक्तातला. या दोहोंमधला पूल म्हणजे एक गुणक. १ मिलिलिटर रक्तात जेवढे मद्य, तेवढेच खोल श्वासातल्या २,१०० मिलिलिटर हवेत, असे गृहीत धरण्याचा प्रघात अमेरिकेत पडला आणि पुष्कळ ठिकाणी तो स्वीकारला गेला. ब्रिटनच्या कायद्यातल्या रक्ताच्या आणि श्वासाच्या मर्यादा शेजारी ठेवून पाहिल्या, तर तेथे हाच गुणक सुमारे २,३०० निघतो. माणसाचे शरीर अटलांटिक ओलांडताना बदलत नाही. बदलले आहे ते सोयीसाठी ठरवलेले सरासरीचे मूल्य. प्रत्यक्षात हे प्रमाण माणसागणिक वेगळे असते आणि एकाच माणसात वेळेनुसारही हलते. ताप असेल तर श्वास अधिक उष्ण होतो आणि यंत्राचा आकडा वर सरकतो. तापमानातल्या एका अंश सेल्सिअसचा परिणाम सहा-सात टक्क्यांच्या घरात जातो. त्यामुळे पडद्यावर ९० दिसले, तर शंकेला जागा उरत नाही. ३२ दिसले, तर तो आकडा ‘मर्यादेच्या आसपास’ एवढेच सांगतो.

याहून मोठा घोटाळा होतो तो तोंडातल्या मद्याने. नुकताच घेतलेला घोट, मद्यार्कयुक्त माउथवॉश, खोकल्याचे एखादे औषध किंवा मद्यार्कात बनवलेले होमिओपॅथीचे थेंब यांचा अंश काही मिनिटे तोंडात रेंगाळतो, आणि यंत्राला तो फुप्फुसातून आला की जिभेवरून, हे ओळखता येत नाही. केरळमधल्या पंडलम येथील राज्य परिवहनाच्या आगारात २०२५ साली असाच प्रकार घडला. सकाळच्या नेमाच्या चाचणीत दारूला न शिवलेले बसचालक दोषी ठरू लागले. शोधाअंती कारण निघाले आगारात आलेल्या पिकून आंबू लागलेल्या फणसाचे गरे! आधी चाचणी निर्दोष आलेल्या माणसाला गरे खायला देऊन पुन्हा फुंकायला लावले, तेव्हा यंत्राने त्यालाही दोषी ठरवले. कोकणात बरक्या फणसाचा वास घरभर दरवळत ठेवणाऱ्यांना यात फारसे नवल वाटू नये. अशा वेळी उपाय साधा आहे : पंधरा मिनिटे काहीही न खाता-पिता थांबायचे आणि पुन्हा फुंकायचे. तोंडातले मद्य तेवढ्यात उडून जाते, रक्तातले जात नाही. पण मागे तीस गाड्या खोळंबलेल्या असताना नाकाबंदीवर पंधरा मिनिटे कोणाकडे असतात?

शंका असेल तिथे रक्ततपासणीची वाट आहेच. अटक केलेल्या चालकाची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत झाली पाहिजे, असे कायदा सांगतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८५ मध्ये श्वासाच्या चाचणीच्या जोडीला प्रयोगशाळेतल्या तपासणीचाही उल्लेख आला. दोन तासांच्या मुदतीला शास्त्रीय अर्थही आहे. यकृत रक्तातले मद्य दर १०० मिलिलिटरमागे ताशी साधारण १० ते २० मिलिग्रॅम या वेगाने कमी करत असते, म्हणून रस्त्यावर ५० दाखवणारा माणूस दोन तासांनी रुग्णालयात ३० च्या खालीही दिसू शकतो. शेवटचा पेग नुकताच झालेला असेल, तर आकडा मध्यंतरी वरही चढतो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे नळीत फुंकण्याची चाचणीच थांबवावी लागली, तेव्हा या यंत्राने पोलिसांचा किती वेळ वाचवला होता, हे ध्यानात आले असणार.

राहता राहिले यंत्राचे स्वतःचे आरोग्य. इंधनघट वापराने शिणतो, त्यातला ओलावा आटतो, प्लॅटिनम मंदावते आणि आकडे हळूहळू सरकू लागतात. म्हणून ठरावीक मुदतीने यंत्राची परीक्षा घ्यावी लागते. मद्यार्काचे प्रमाण नेमके ठाऊक असलेले पाण्याचे द्रावण एका बरणीत ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे उच्छ्वासाच्या तापमानाला, तापवून ठेवतात आणि त्यातून हवेचे बुडबुडे सोडतात. वर येणारी ओलसर हवा म्हणजे ज्याच्या रक्तातले मद्य आधीच ठाऊक आहे अशा एका काल्पनिक माणसाची फुंकर. ती यंत्राच्या नळीत सोडायची आणि पडद्यावर अपेक्षित आकडा उमटतो का, ते पाहायचे. उमटला नाही, तर यंत्र दुरुस्तीला जाते. पावतीवर चालकाचे नाव, वेळ आणि आकडा छापून येतो. तिच्यावर या शेवटच्या परीक्षेची तारीखही आहे का, हे चालकाच्या वकिलाने सर्वांत आधी पाहावे.