मणक्यात 'गॅप' पडत नाही

नाशिकमध्ये कंबर धरली की निदान शेजारीच होते: "मणक्यात गॅप पडलाय." निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत वाकून राबणाऱ्या बाया असोत की सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार, या वाक्याचा धसका सगळेच घेतात. हाडे सुटी झाली, आता पट्टा कायमचा, असे समजून माणूस अंथरूण धरतो.

प्रत्यक्षात मणक्यांमधली जागा वाढलेली नसते, बहुधा कमी झालेली असते. दोन मणक्यांमधल्या गादीतले पाणी वयाबरोबर घटते, ती चपटी होते. गादी 'सरकते' हेही खरे नाही. वरखालच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. तिचे तंतुमय कडे कमजोर झाले की आतला मऊ गर बाहेर येतो आणि कधी नस दाबतो. मग कळ पायात उतरते, तीच सायटिका. रिपोर्टातले एल-४, एल-५ हे कमरेच्या मणक्यांचे क्रमांक आहेत, आजाराची स्टेज नव्हे. (ही भीती फार जणांना असते.)

२०१५ मधल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या २० वर्षांच्या सुमारे ३७ टक्के लोकांच्या स्कॅनमध्येही गादीची झीज आढळली. ८० वर्षांच्यांत ९६ टक्के. बाहेर आलेला गर अनेकदा शरीरच शोषून घेते. म्हणून झोपून राहू नका, झेपेल तेवढे चाला. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर लगेच रुग्णालय गाठा.