बापाच्या गुणसूत्रावर सगळे ठरते, हे न्यूटला लागू नाही

‘अपत्याचे लिंग पित्याच्या गुणसूत्रावर ठरते आणि एकदा ठरले की बदलत नाही’ हे वाक्य सर्व प्राण्यांचा नियम म्हणून वर्षानुवर्षे सांगितले जाते. पहिला भाग माणसाला लागू आहे आणि मुलगी झाली म्हणून सुनेला दोष देणाऱ्यांना तो ठणकावून सांगायलाच हवा. परंतु स्पेन, पोर्तुगाल व मोरोक्कोतील प्ल्युरोडेलिस वाल्ट्ल या न्यूटमध्ये (पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या वर्गातील उभयचर प्राणी) लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची जोडी नरात झेड-झेड आणि मादीत झेड-डब्ल्यू असते, म्हणजे तेथे निवाडा आईच्या बीजांडावर होतो.

तोही अंतिम नसतो. या न्यूटच्या झेड-डब्ल्यू अळ्या जननग्रंथी घडण्याच्या काळात ३२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढवल्या, तर इस्ट्रोजेन हे मादीपण घडवणारे संप्रेरक तयार करणाऱ्या ॲरोमॅटेज या विकराचे काम मंदावते, अंडाशयाऐवजी वृषण घडते आणि जनुकीय मादी प्रजननक्षम नर बनते. उलट, पाण्यात इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) मिसळल्यास झेड-झेड अळ्या माद्या होतात. उष्ण पाण्यात घडलेला झेड-डब्ल्यू नर साध्या मादीशी जुळवला, की सरासरी चारांतील तीन पिल्ले माद्या निघतात आणि त्यांतील एक डब्ल्यू-डब्ल्यू असूनही व्यवस्थित जगते, ही मला यातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. मात्र ‘न्यूट वाटेल तेव्हा लिंग बदलतो’ हेही खरे नाही, कारण ही मुभा अळीच्या ठरावीक अवस्थेपुरतीच असते.