कँटर: गाणाऱ्या पंतोजीची पार्श्वभूमी

चर्चच्या सेवेत आयुष्य काढलेल्या माणसाबद्दल लिहिताना 'संगीतकार आणि शिक्षक' असं सहज लिहिलं जातं. वाचणाऱ्याला वाटतं, पोटासाठी शाळा आणि रविवारी आवड म्हणून ऑर्गन. जर्मनीच्या प्रोटेस्टंट भागात मात्र ही दोन कामं कित्येक पिढ्या एकाच नोकरीत होती, आणि त्या नोकरीत शिक्षक आधी यायचा. पदाचं नाव कँटर.

हा शब्द मराठीत आणताना हमखास घोळ होतो. लॅटिनमधला मूळ अर्थ 'गायक', पण कँटर स्वतः गाण्यापेक्षा दुसऱ्यांकडून गाऊन घेणारा. 'ऑर्गनवादक' म्हणणं तर साफ चूक. मोठ्या शहरांत ऑर्गनवर बसणारा माणूस वेगळा नेमलेला असायचा. अठराव्या शतकातला थोर जर्मन संगीतकार बाख लाइपझिग शहरात कँटर म्हणून २७ वर्षं होता, पण तिथल्या एकाही चर्चचा तो ऑर्गनवादक नव्हता. त्याच्या चाहत्यांनाही हे पटकन खरं वाटत नाही.

मध्ययुगातला कँटर हा कॅथेड्रलमधला मानकरी. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेनंतर तो शाळेत आला. ज्या मास्तराला गाता येत नाही त्याच्याकडे मी बघणारही नाही, असं ही सुधारणा सुरू करणारा खुद्द मार्टिन लूथर म्हणत असे. लॅटिन शाळेत मुख्याध्यापक, त्याच्याखाली उपमुख्याध्यापक आणि बहुतेक ठिकाणी तिसरा कँटर. लॅटिन शिकवायचं, धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घ्यायची, गाण्याची तालीम घ्यायची आणि रविवारी तीच पोरं चर्चमध्ये उभी करायची. लग्नात आणि प्रेतयात्रेतही गायला तीच पोरं.

१७२२ मध्ये लाइपझिगची कँटरची जागा रिकामी झाली आणि या पदातली ओढाताण उघड्यावर आली. नगरसभेत दोन तट होते. एकाला शहराचं नाव गाजवणारा संगीतकार हवा होता, दुसऱ्याला वर्गावर उभा राहणारा पंतोजी. पहिली पसंती हॅम्बुर्गच्या एका नामवंताला. त्याला लॅटिनच्या तासांतून सूटही कबूल केली होती, पण हॅम्बुर्गनं पगार वाढवला आणि तो जागचा हलला नाही. दुसऱ्याला डार्मश्टाटच्या दरबारानं सोडलं नाही. मग एक सभासद म्हणाला की उत्तम मिळत नाहीत, तर मध्यम घ्यावे लागतील. हे वाक्य आजही बाखच्या माथी मारलं जातं. मला ही घाई वाटते. त्याच नोंदीत लगेच पिर्ना गावच्या एका माणसाबद्दल चांगलं बोललं गेलं आहे. 'मध्यम' हा शेरा बाखवरच होता असं त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय त्या सभासदाची मोजपट्टी गाण्याची होती की शिकवण्याची, हेही कुणी विचारत नाही.

५ मे १७२३ रोजी बाखनं करारनाम्यावर सही केली. त्यातल्या अटी वाचण्यासारख्या आहेत: संगीत फार लांबू नये, ते ऑपेरासारखं वाटू नये, महापौरांच्या परवानगीशिवाय शहर सोडू नये, आणि मुलांना वाद्यंही शिकवावीत, म्हणजे चर्चचा खर्च वाचेल. लॅटिनसाठी बाखनं स्वतःच्या खिशातून वर्षाला ५० थालर (तेव्हाचं जर्मन चांदीचं नाणं) देऊन एका सहकाऱ्याला उभं केलं. राजदरबारातून आलेल्या या माणसाला कँटर होणं कमीपणाचं वाटलं होतं, हे त्यानंच पुढे मित्राला लिहिलं. सही करताना तो 'संगीत संचालक' ही उपाधी पसंत करायचा.

ऑगस्ट १७३० मध्ये त्यानं नगरसभेला शाळेतल्या मुलांचा हिशेब दिला: १७ कामाची, २० अजून तयार व्हायची, १७ निरुपयोगी. चार चर्च सांभाळायची ती एवढ्यांत. नगरसभेत मात्र त्याच महिन्यात कँटर काहीच काम करत नाही अशी ओरड चालली होती. ऑक्टोबरच्या पत्रात त्यानं आपली मिळकत साधारण ७०० थालर सांगितली आहे. तीही प्रेतयात्रा कमी-जास्त होतील तशी हलायची. आदल्या वर्षी हवा चांगली होती, माणसं कमी मेली, म्हणून शंभरावर थालर बुडाले!

१७५० मध्ये तो गेल्यावर नगरसभेत पुन्हा तेच बोललं गेलं: शाळेला कँटर हवा, दरबारी संगीतप्रमुख नको. वारसदाराची चाचणी तर बाख हयात असतानाच, १७४९ मध्ये, उरकली होती.

एकोणिसाव्या शतकात शाळा आणि चर्चची ही सांगड खेड्यांत टिकली, तीही हलाखीत. ऑस्ट्रियातल्या विंडहाग गावी १८४१ मध्ये सतरा वर्षांचा एक साहाय्यक शिक्षक मुलांना शिकवायचा, ऑर्गन वाजवायचा, पहाटे चर्चची घंटा वाजवायचा आणि वर शेतातही राबायचा. पुढे तो मोठा सिंफनीकार झाला. बाकीचे मास्तर तिथंच म्हातारे झाले.

१९१९ च्या जर्मन राज्यघटनेनं राज्याचं अधिकृत चर्च ही कल्पना मोडीत काढली. मास्तर शाळेत राहिला, संगीतकार चर्चकडे गेला. आज जर्मनीत चर्च-संगीताच्या परीक्षांना अक्षरं आहेत: ए आणि बी पूर्णवेळ पदांसाठी, सी जोडधंदा म्हणून करणाऱ्यांसाठी. आणि शब्दाचा अर्थ पार उलटला आहे. आजचा कँटर बहुधा स्वतःच ऑर्गनवर बसतो, मोठ्यांचा आणि मुलांचा गायकवृंद सांभाळतो. लॅटिनचा तास मात्र कुणी मागत नाही.