अमृत कोकम तळाला, आगळ वर

मे महिना आला की आमच्या नात्यात कोणीतरी रविवारी ब्रंचला माणसं बोलावतं. न्याहारी म्हणावी तर उशीर, जेवण म्हणावं तर लवकर, अशी ती वेळ. टेबलावर लाल-पिवळ्या थरांचं सरबत हवंच असतं, आणि साडेदहाच्या सुमारास मला फोन येतो: "अगं, कोकम खाली बसतच नाही, सगळं गढूळ झालं." मी विचारते, बाटली कसली आहे? "कोकमाची." हे उत्तर ऐकून मला थकवा येतो. कोकमाची म्हणजे अमृत कोकम की आगळ?

अमृत कोकम तुम्हाला ठाऊक आहेच. पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, चिरून बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांत साखर भरायची, बरणी उन्हात ठेवायची. साखर रस ओढून घेते आणि गडद लाल पाक सुटतो. लहानपणापासून पाणी घालून प्यायलोय तो हाच. आगळ म्हणजे त्याच रातांब्याचा रस, पण मिठात मुरवून गाळलेला. त्यात साखरेचा कणही नाही. सोलकढीला लागतं ते हे. आमसूल तिसरंच, ती वाळवलेली साल, तिला इथे काम नाही. रंग दोन्ही बाटल्यांचा जवळजवळ सारखा, आणि दुकानदारही दोघांना बिनधास्त "कोकम सरबत" म्हणतो. "आगळ म्हणजे बिनसाखरेचं अमृत कोकम" असंही लोक सांगतात, ते मला अजिबात सहन होत नाही. मग लोणचं म्हणजे बिनसाखरेचा मुरांबा म्हणायचं का?

चवीतला फरक जीभ एका थेंबात सांगते. घोटाळा होतो तो वजनात, म्हणून तिथे जरा थांबते.

थर लागतात ते रंगामुळे नाही आणि हाताच्या कौशल्यामुळेही फारसे नाहीत. जड द्रव खाली राहतो, हलका वर, एवढंच आहे. एक लिटर पाणी साधारण एक किलो भरतं. त्याच लिटरभर जागेत साखर विरघळलेली असेल तर वजन वाढतं. 65 टक्के साखरेचा पाक लिटरला सुमारे 1.3 किलो भरतो, आणि चांगलं अमृत कोकम याच्या आसपास असतं. साखर न घातलेला हापूसचा रस साधारण 1.07, संत्र्याचा 1.04 ते 1.05, शहाळ्याचं पाणी 1.02 च्या जवळपास. म्हणजे अमृत कोकम आपणहून तळाला जाऊन बसतं, त्याला सांगावं लागत नाही. वरच्या रसांत आणि त्याच्यात एवढी तफावत आहे की नवशिक्याच्या हातूनही पहिला थर बिघडत नाही.

आता आगळ. इथे हुशार माणसं फसतात. ती म्हणतात, आगळात भरपूर मीठ आहे, मीठही पाणी जड करतं, मग तेही खाली बसेल. बरोबर आहे. न मिसळलेल्या आगळाचा थेंब पाण्यात टाकून पाहा, तोही बुडेल. म्हणून थेंब टाकून बाटली ओळखायचा प्रयोग फुकट जातो, दोन्हींचे थेंब बुडतात. पण तसं आगळ बोटभर ग्लासाच्या तळाशी ओतून पाहुण्याला देणार आहात का? पहिल्या घोटालाच तो ग्लास खाली ठेवील. आगळ पिण्याजोगं करायचं तर मोठ्या ग्लासाला दोनेक चमचे, बाकी पाणी. आणि एवढं पातळ केलं की त्याचं वजन जवळजवळ साध्या पाण्याइतकंच उरतं. असं आगळाचं पाणी आमरसाखाली जाईल कसं? ते आमरसावरच राहणार. कोणीतरी ते आधी ग्लासात घालतं, त्यावर आमरस ओततं, आणि आमरस त्यातून खाली घुसताना सगळं ढवळून निघतं. "गढूळ झालं" ते हेच. फळ एकच, रंग एकच, पण ग्लासातल्या जागा नेमक्या उलट्या.

घरात फक्त आगळ असेल तर एक चमचा आगळात चार-पाच चमचे दाट साखरेचा पाक मिसळा, ते तळाला बसेल. पण त्याला अमृत कोकम म्हणू नका, मिठाची चव राहतेच. मला ती चालते. माझ्या जावेला नाही चालत.

या चुकीची सख्खी बहीण म्हणजे "जे घट्ट ते खाली". घट्ट आणि जड यांचा काही संबंध नाही. तेल पाण्यापेक्षा दाट वाहतं, तरी तरंगतंच की. आमरस चमच्यावरून जेमतेम ओघळतो आणि अमृत कोकम सरसर ओततं, तरी खाली अमृत कोकमच जातं, कारण साखर त्यात जास्त आहे. रसाच्या गोडीवरून क्रम लावा, दाटपणावरून नको.

माझा ग्लास असा: तळाला दोन बोटं अमृत कोकम, मग तोंडापर्यंत बर्फ, मग आमरस, वर शहाळ्याचं पाणी. आमरस थोडं पाणी घालून ओघळण्याइतका सैल करा, नाहीतर तो थर न होता गोळा होतो. ओतताना धार बर्फावर किंवा उलट्या चमच्यावर पडू द्या. शहाळं नसेल तर तिथे आगळाचं पाणी जिरेपूड घालून ओता. लाल, पिवळा, पुन्हा लाल असा ग्लास दिसतो आणि दोन्ही लाल चवीला वेगळे लागतात. हा ग्लास मला सगळ्यांत आवडतो.

सोडा मात्र नको. बुडबुडे वर येताना थर फोडतात, आणि मग लोक कोकमाला दोष देतात. खायचा रंगही नको. रातांब्याचा लाल जर पुरेसा वाटत नसेल तर बाटली बदला. निळं सिरप घातलेला ग्लास मी पाहिला आहे, पण प्यायले नाही.

स्ट्रॉ देऊ की नको, असं नेहमी विचारतात. द्या, पण पाहुणा ढवळणारच आहे हे धरून चाला. ढवळल्यावर अमृत कोकमाचा ग्लास छान गोड-आंबट होतो. आगळाची बाटली उघडलीच असेल तर त्याच दुपारी सोलकढी करा. जेवायला मासे असले तर थरांच्या ग्लासाची आठवणही कोणाला राहणार नाही.