नव्या माशाच्या अंगावर कापूस: बुरशी की कॉलम्नॅरिस?

परसातल्या तळ्यात नवा कोई किंवा गोल्डफिश सोडल्यावर चार-पाच दिवसांत त्याच्या अंगावर पांढुरकं काहीतरी दिसू लागतं. 'बुरशी आली' असं म्हणून बहुतेक जण बुरशीचं औषध पाण्यात ओततात. कधी ती खरोखरच बुरशी असते, म्हणजे सॅप्रोलेग्निया. पण कधी तो कॉलम्नॅरिस असतो. हा फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूचा रोग. बुरशीसाठीची काही औषधं त्यावर काहीच काम करत नाहीत, आणि बुरशी समजून पाणी तापवलं तर तो दुप्पट जोराने पसरतो. बुरशीत सहसा हाती आठवडाभर वेळ असतो. कॉलम्नॅरिसचा जहाल प्रकार असेल आणि पाणी कोमट असेल, तर मासा एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. म्हणून निदानात घालवलेला पहिला अर्धा तास वाया जात नाही.

आधी पाणी तपासा

अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि तापमान, या चार गोष्टी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच असायला हवेत. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी क्लोरीन काढलेल्या पाण्याने चौथा हिस्सा पाणी बदला आणि खाणं बंद करा. खराब पाण्यात कोणतंही औषध मासा वाचवत नाही; उलट आधीच भाजलेल्या कल्ल्यांवर आणखी ताण येतो.

नव्या माशालाच हे का होतं, तेही समजून घ्या. जाळीत धरताना अंगावरचा बुळबुळीत थर घासला जातो आणि एखाद-दुसरा खवला निघतो. पिशवीतल्या प्रवासात अमोनिया साठत जातो. पिशवी बंद असेपर्यंत माशाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली राहतो आणि अमोनियाचा विषारीपणा दबलेला असतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून पिशवी उघडी ठेवून तासभर थोडं थोडं पाणी घालत बसू नका. बंद पिशवी पाण्यावर ठेवून तापमान जुळवा, मग उघडून मासा लगेच नव्या पाण्यात घ्या आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या.

डाग पाण्याखालीच बघा

मासा बाहेर काढून पाहण्याची घाई करू नका. बाहेर काढला की दोन्ही रोग सारखेच, चिकट पांढऱ्या लेपासारखे दिसतात. पारदर्शक भांड्यात किंवा उथळ पांढऱ्या टबात मासा घ्या आणि बाजूने टॉर्च धरा.

सॅप्रोलेग्नियाचे धागे पाण्यात अंगापासून सुटे, उभे राहतात. कापसाचा पिंजलेला बोळा चिकटवल्यासारखा झुपका दिसतो आणि मासा हलला की धागे पाण्याबरोबर डुलतात. सुरुवातीला रंग पांढरा किंवा करडा असतो. काही दिवसांनी त्यात शेवाळ आणि गाळ अडकतो आणि तो हिरवट किंवा तपकिरी होतो. रंग बदलला म्हणून रोग बदलला असं नाही. झुपका जवळजवळ नेहमीच एखाद्या जखमेवर असतो: खवला निघालेली जागा, फाटलेला पर, जुना व्रण. जखमेबाहेरची त्वचा बऱ्यापैकी निरोगी असते.

कॉलम्नॅरिसचा डाग अंगाला चिकटून, सपाट असतो. त्याला उभे धागे नसतात. रंग करडा-पांढरा, बऱ्याचदा पिवळसर झाक असलेला, आणि कडेला लालसर रेघ. ठरावीक जागा तीन. पहिली म्हणजे ओठ: तिथे पांढरा लेप येतो आणि कड झिजत जाते. दुसरी म्हणजे पाठीवरच्या पराच्या बुडाशी. तिथून फिकट पट्टा दोन्ही बाजूंना खाली उतरतो आणि माशावर खोगीर टाकल्यासारखा दिसतो. हा पट्टा दिसला तर संशय पक्का धरा. तिसरी जागा कल्ले, आणि ती सगळ्यात घातक, कारण कल्ल्यांवर रोग असला तर अंगावर काहीच न दिसताही मासा मरू शकतो. ओल्या हाताने कल्ल्याचं झाकण अलगद उचलून बघा. निरोगी कल्ला एकसारखा गडद लाल असतो; कॉलम्नॅरिसमध्ये त्यावर पिवळट-तपकिरी, कुजलेले ठिपके असतात आणि पाकळ्यांची टोकं झिजलेली दिसतात. सगळाच कल्ला एकसारखा तपकिरी दिसला तर ते काम बहुधा नायट्राइटचं असतं. पुन्हा पाणी तपासा.

पर बघूनही अंदाज येतो. बुरशीत पराच्या कडेला झुपका लटकतो. कॉलम्नॅरिसमध्ये कड पांढरी पडते, चिरफाळते आणि रोज थोडी आत सरकते. संशय असेल तर सकाळ-संध्याकाळ एकाच बाजूने फोटो काढा. बारा तासांत कड नजरेला कळण्याइतकी सरकली असेल, तर ती बुरशी नव्हे.

तापमान काय सांगतं

सॅप्रोलेग्निया थंड पाण्यात माजते. पाणी 20 अंशांखाली असेल, विशेषतः अचानक गारठलं असेल, तर तिची शक्यता जास्त. थंडीत माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि त्वचा भरून यायला वेळ लागतो. बुरशीला मात्र त्या थंडीची अडचण नसते. कॉलम्नॅरिस उलटा. 25 ते 30 अंशांत तो सर्वांत आक्रमक असतो, आणि 15 अंशांखाली त्याचा उद्रेक क्वचितच होतो. मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण 18 ते 24 अंशांत, दोन्ही होऊ शकतात. तिथे तापमानावरून निकाल देऊ नका, डागाच्या रूपावर जा.

दोन्ही एकदमही असतात. कॉलम्नॅरिसने त्वचा खाल्ली की त्या मेलेल्या जागेवर बुरशी बसते, आणि वरचा कापूस पाहून खालचा रोग सुटतो. झुपक्याभोवती पिवळसर सपाट कड किंवा लाल रेघ असेल, तर आधी जिवाणूचा इलाज.

सूक्ष्मदर्शक असेल तर वादच मिटतो. डागाच्या कडेवरून काचपट्टीने अगदी हलका खरवडा घ्या, तळ्यातल्याच पाण्याचा थेंब टाका आणि वर पातळ काच ठेवा. 100 पट मोठं केल्यावर बुरशीचे जाड, फांद्या फुटलेले, मध्ये आडव्या भिंती नसलेले धागे दिसतात. 400 पटीला कॉलम्नॅरिसचे बारीक, लांबट जिवाणू घसरत, वाकत हलताना दिसतात. काचपट्टी काही मिनिटं तशीच ठेवली तर ते ऊतीच्या कडेला एकत्र येऊन खांबांसारखे ढीग रचतात. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. याच काचपट्टीवर कधी तिसराच पाहुणा सापडतो: देठावर बसलेले, घंटेच्या आकाराचे, झटक्यात आखडणारे एपिस्टायलिस हे एकपेशीय जीव. त्यांचाही झुपका नुसत्या डोळ्यांना बुरशीच वाटतो.

टब

इलाज तळ्यात नाही, वेगळ्या टबात. वीतभर माशासाठी 200 लिटर पाणी पुरतं. तळ्याच्या तापमानाचं, क्लोरीन काढलेलं पाणी, दिवसरात्र चालणारा एअर पंप, वरून जाळी (आजारी मासा उड्या मारतो) आणि अर्धा भाग झाकलेला. चालू फिल्टरमधला एखादा स्पंज टबात टाकला तर अमोनिया आटोक्यात राहतो. पण मेथिलिन ब्लू किंवा पोटॅशियम परमँगनेट ही औषधं वापरताना तो काढून ठेवा, नाहीतर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. रोज 20 ते 25 टक्के पाणी बदला.

निदान झालेलं नसताना काय करायचं? पाणी 20 ते 22 अंशांवर आणा, तेही दिवसाला 2 अंशांहून जास्त फरक न करता, आणि मीठ 0.3 टक्के करा. 200 लिटरला ते 600 ग्रॅम होतं. 200-200 ग्रॅमचे तीन भाग करून आठ-आठ तासांनी, पूर्ण विरघळवून घाला. मीठ साधं, आयोडीन किंवा गुठळ्या न होण्यासाठीची भुकटी न घातलेलं. या तापमानात आणि या मिठात दोन्ही रोगांना फारसा वाव मिळत नाही आणि माशाचंही नुकसान होत नाही. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घाला. टबात झिओलाइट (अमोनिया शोषून घेणारे खडे) असेल तर मिठाआधी काढा. मिठामुळे त्यात अडकलेला अमोनिया परत पाण्यात सुटतो.

बुरशी ठरली तर

मीठ 0.5 टक्क्यापर्यंत, म्हणजे 200 लिटरला एकूण 1 किलो, वाढवता येतं. झुपका मोठा असेल तर लिटरला 20 ग्रॅम मिठाच्या वेगळ्या पाण्यात 5 ते 10 मिनिटांची बुडी द्या. समोरून हलू नका. मासा कलंडला की वेळ बघत न बसता लगेच बाहेर काढा. अंगावरच्या जखमेवर पोव्हिडोन आयोडीन दहापट पातळ करून कापसाच्या काडीने टेकवा. डोळे आणि कल्ले पूर्ण टाळा, आणि मासा मिनिटभरापेक्षा जास्त पाण्याबाहेर ठेवू नका. याने भागलं नाही तर मेथिलिन ब्लू, लिटरला 2 मिलिग्रॅम.

मॅलकाइट ग्रीन प्रभावी आहे यात शंका नाही, पण ते माणसालाही घातक आहे आणि खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांत बंद आहे. घरच्या टबात त्याची गरज पडत नाही.

दोन-तीन दिवसांत झुपका गळतो. खाली लाल, कच्ची जागा दिसते आणि पुढे तिच्यावर कडेकडून गुळगुळीत पांढरी त्वचा येते. इथे पुष्कळ जण घाबरून पुन्हा औषध सुरू करतात. ती पांढरी कड म्हणजे भरत आलेली जखम. तिला हात लावू नका.

कॉलम्नॅरिस ठरला तर

पाणी तापवायचं नाही. 25 च्या वर असेल तर हळूहळू 20-22 अंशांकडे उतरवायचं. टब सावलीत हलवा किंवा पाणी गोठवलेली बंद बाटली त्यात तरंगत ठेवा. थंड पाण्यात प्राणवायूही जास्त मावतो: 28 अंशांना लिटरमध्ये जेमतेम 8 मिलिग्रॅम, 15 अंशांना सुमारे 10. कल्ले झिजलेल्या माशाला हा फरक जगवतो. हवेचा पंप एकाऐवजी दोन लावा.

0.3 टक्के मीठ चालू राहू द्या, पण एकट्या मिठावर विसंबू नका. रोग अंगावर, परांवर असेल तर पोटॅशियम परमँगनेट लिटरला 2 मिलिग्रॅम. एवढं मोजणं घरच्या काट्यावर जमत नाही, म्हणून 10 ग्रॅम स्फटिक 1 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून ठेवा. त्या द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम आलं. 200 लिटरला 400 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे 40 मिलिलिटर. न विरघळलेला एक कणही कल्ल्याला भाजतो, म्हणून द्रावण गाळून घ्या. पाणी चार तास गुलाबी राहायला हवं. अर्ध्या तासातच तपकिरी पडलं तर टबात घाण जास्त आहे आणि औषध तिच्यावरच खर्च झालं. मात्रा वाढवू नका, टब स्वच्छ करून दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. चार तासांनी अर्धं पाणी बदला. मासा आधीच तोंड वर काढून तडफडत असेल तर लगेच बदला. परमँगनेट आणि फॉर्मॅलिन कधीही एकत्र करू नका, साठवतानाही शेजारी ठेवू नका.

डाग ओठांवर, कल्ल्यांवर किंवा खोगिराच्या जागी पोहोचला असेल तर मत्स्यरोग जाणणाऱ्या पशुवैद्यकाकडून प्रतिजैविक घ्या, आणि तेही त्याच दिवशी. प्रतिजैविक खाण्यातून देणं सर्वांत चांगलं, पण ओठ झिजलेला मासा खात नाही. मग इंजेक्शन किंवा टबातल्या पाण्यातून. ऑक्सिटेट्रासायक्लिन पाण्यातून देणार असाल तर पाण्याचा कठीणपणा आधी सांगा, कारण कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला बांधून टाकतं आणि मासा औषधाविनाच राहतो. एरिथ्रोमायसिन इथे कामाचं नाही; ते मुख्यतः वेगळ्या गटातल्या जिवाणूंवर चालतं. मासा सुधारला म्हणून औषध मध्येच थांबवू नका. अर्धवट सोडलेल्या औषधानंतर उरलेला जिवाणू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही.

तळ्यातल्या बाकीच्या माशांचं काय

सॅप्रोलेग्नियाचे बीजाणू बहुतेक प्रत्येक तळ्यात असतातच. ते नव्या माशाने आणले असं नसतं आणि धडधाकट माशाला ते लागत नाहीत. त्यामुळे तळ्यात औषध टाकू नका. पाणी, तापमानातले धक्के आणि जखमा कशाने होतात (टोकदार दगड, उघडा पंप, खरखरीत जाळी) तेवढं पाहा.

कॉलम्नॅरिस पाण्यातून आणि जाळीतून एका माशाकडून दुसऱ्याकडे जातो. तळ्यातली गर्दी कमी करता येत असेल तर करा, खाणं अर्ध्यावर आणा, पाण्याची खळबळ वाढवा आणि आठवडाभर रोज प्रत्येक माशाची पाठ आणि ओठ बघा. आजारी टबाची जाळी, बादली आणि नळी वेगळी ठेवा आणि वापरानंतर उन्हात खडखडीत वाळवा.

बरा झालेला मासा शेवटची खूण गेल्यावर किमान दोन आठवडे टबातच राहू द्या. त्या काळात साधं पाणी बदलत बदलत मीठ शून्यावर आणा आणि तापमान तळ्याशी जुळवा. पुढचा नवा मासा आणलात तर त्यालाही चार आठवडे याच टबात ठेवा, आणि तो सोडण्याआधी एकदा टॉर्च धरून पाठीवरच्या पराचं बूड आणि ओठांची कड तपासा.