काडेपेटीएवढ्या कॅसेटमधले १३ जीबी

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची कॅसेट रत्नागिरीच्या घरी लोखंडी कपाटात, शालूच्या घडीखाली, वीसेक वर्षं पडून होती. मामाने हँडीकॅमवर केलेलं शूटिंग. कॅसेट काडेपेटीहून जराशी मोठी, वर ‘मिनी डीव्ही’ छापलेलं. गेल्या वर्षी एका दुकानात ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. घरी लावून पाहिलं तर चित्र पुसट, लाल रंग कडांबाहेर सांडलेला, आजीच्या नऊवारीचे काठ ओळखू येईनात. आई म्हणाली, जुनी कॅसेट, खराब झाली असणार.

कॅसेट खराब झालेली नव्हती. दुकानदाराने कॅमेऱ्याची पिवळी-पांढरी-लाल वायर एका स्वस्त यूएसबी डबीत खुपसून चित्र टिपलं होतं. त्या वायरीने कॅसेटवरचे आकडे आधी विद्युत लहरींत बदलले, उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेत कोंबले, मग डबीने त्यांचे पुन्हा आकडे केले आणि वर आणखी दाबून लहान केले. मिनी डीव्हीच्या बाबतीत यातलं काहीही करायची गरज नसते, कारण १९९५ साली आलेल्या या कॅसेटवर चित्र आधीपासूनच आकड्यांत असतं. ते टिपायचं नसतं, नुसतं कॉपी करायचं असतं.

आकडे फितीवर बसतात कसे, हे मला आजही थक्क करतं. फीत जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंद, आणि ती सरकते सेकंदाला दोन सेंटिमीटरहूनही कमी. गाण्याची साधी कॅसेट याच्या अडीचपट वेगाने धावते, आणि चित्राला तर आवाजापेक्षा कितीतरी जास्त माहिती लागते. म्हणून इथे फितीऐवजी हेडच, म्हणजे फीत लिहिणारं-वाचणारं टोकच, पळवतात. कॅमेऱ्याच्या पोटात सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो. फीत त्याला तिरकी लपेटलेली असते. ड्रमवरची दोन हेड्स तिच्यावर सेकंदाला १० मीटर वेगाने तिरके पट्टे ओढत जातात. एका फेरीत दोन, म्हणजे सेकंदाला ३०० पट्टे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्राची एक चौकट अशा १२ पट्ट्यांत मावते, आणि १२ गुणिले सेकंदाच्या २५ चौकटी म्हणजे बरोबर ३००. एकेक पट्टा १० मायक्रोमीटर रुंद, म्हणजे केसाच्या जाडीत पाच-सहा पट्टे सहज बसावेत. तासाभराच्या कॅसेटमध्ये फीत असते सुमारे ६८ मीटर, आणि तिच्यावर साधारण १३ जीबी माहिती.

हे आकडे जसेच्या तसे बाहेर काढायला कॅमेऱ्याला एक छोटं चार पिनांचं तोंड असतं. त्याचं नाव फायरवायर. सोनीच्या कॅमेऱ्यांवर ते ‘आय-लिंक’ म्हणून लिहिलेलं असतं. शेजारी यूएसबीचं तोंडही असतं आणि बहुतेक जण तिथेच फसतात, कारण पुष्कळ मॉडेल्समध्ये त्यातून फक्त फोटो किंवा वेबकॅमसारखं बारीक चित्रच मिळतं. बाजारात फायरवायरचं यूएसबी करून देणारी दीडदोनशे रुपयांची पिन मिळते, तीही घेऊ नका. दोन्हींची बोलायची भाषा वेगळी आहे, नुसता आकार जुळवून भागत नाही. डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड बसवावं, किंवा ते तोंड असलेला जुना लॅपटॉप कुणाकडून तरी मागून आणावा. अॅपलच्या कॉम्प्युटरवर हे काम इतकी वर्षं जोडणीवर जोडणी लावून व्हायचं, पण २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहो या त्यांच्या सिस्टिमने फायरवायर चालवणंच बंद केलं. मला खरी काळजी याची वाटते. फितीवरचं चुंबकत्व इतक्यात उडून जात नाही. ती वाचणारे कॅमेरे आणि त्यांना जोडायची तोंडं आधी संपत चालली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच हा धोका मांडला होता आणि मुदत सांगितली होती २०२५ची.

तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो, कारण ती चालवल्याशिवाय आकडे निघत नाहीत. शक्य असेल तर ज्या कॅमेऱ्यावर शूटिंग झालं तोच वापरा. फीत पुरवण्यासाठी एलपीवर, म्हणजे फीत हळू सरकवणाऱ्या ‘लाँग प्ले’वर, शूटिंग केलं असेल तर पट्टे आणखी अरुंद होतात आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचं हेड त्यांच्यावरून घसरतं.

कॅसेट आठ मिलिमीटरवाली, व्हिडिओ-८ किंवा हाय-८, असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिच्यावर आकडे नाहीत, लहरी आहेत. पाल चित्राची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. फीत किंचित ताणली गेली की ओळ किंचित उशिरा सुरू होते आणि पडद्यावर उभ्या भिंती थरथरतात. ओळींचं वेळापत्रक दुरुस्त करणारी टाइम बेस करेक्टर नावाची सोय इथे फार महत्त्वाची. सोनीचे डिजिटल-८ कॅमेरे १९९९पासून आले, त्यांतल्या काहींत ही सोय असते. ते जुन्या आठ मिलिमीटर कॅसेट वाचतात आणि फायरवायरमधून थेट आकडे देतात. असा कॅमेरा ओळखीत कुणाकडे असेल तर तो हक्काने मागा.

कोकणातल्या माणसांनी एक गोष्ट आधी पाहावी. कॅसेटचं झाकण उघडून फितीच्या कडांवर पांढुरकी पूड दिसते का? ती बुरशी. अशी कॅसेट लावली की हेड तर बरबटतंच, वर पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. ती जाणकाराकडून साफ करूनच चालवायची. आणि लग्नाची व्हीसीडी आहे म्हणून मूळ कॅसेट टाकून देऊ नका. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, डीव्हीचं ७२० बाय ५७६. म्हणजे चारातले तीन ठिपके तिथेच गळालेले असतात.

आमची कॅसेट मी मामाच्याच कॅमेऱ्यावर, फायरवायरने पुन्हा उतरवली. नऊवारीचे काठ दिसले, हिरवे होते. प्रत्येक चौकटीसोबत शूटिंगची तारीख-वेळही दडलेली असते, तीही आली. मामाने लेबलवर १२ डिसेंबर लिहिलंय, फीत ११ सांगते. पंचांग काढून यावर घरात तासभर चर्चा झाली.

पण ४१व्या मिनिटाला, ८१ दिव्यांनी ओवाळताना, आजीच्या चेहऱ्यावर चौकोन पसरले. हेडला पट्ट्याचा तुकडा वाचता आला नाही की कॅमेरा आधीच्या चौकटीतला तुकडा तिथे चिकटवतो. मागे दिवे हलत होते आणि गाल अर्ध्या सेकंदापूर्वीचाच राहिला होता. म्हणून हेड साफ करून तोच भाग दुसऱ्यांदा उतरवला. आता चौकोन होते, पण खाली, तबकावर. डीव्हीरेस्क्यू नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर अशा दोन फेऱ्या चौकट-चौकट ताडून दोन्हींतले शाबूत तुकडे जोडतं. त्यासाठी फाइल मूळ डीव्ही रूपातच ठेवलेली असावी लागते. फोनवर पाठवायची लहान प्रत वेगळी काढायची.

जोडलेली फाइल आईला दाखवली. ओवाळणं चालू असताना आजी काहीतरी पुटपुटते, ते आईने तीनदा मागे नेऊन ऐकलं. ‘दिवा सांभाळ, पदर आहे,’ असं ती म्हणतेय. ओवाळणारी आईच होती.